कमरेचा माईक-स्पीकर: वर्गासाठी घ्यावा का?

जूनमध्ये शाळा भरली की महिन्याभरात शिक्षकांचे घसे बसायला लागतात आणि कमरेला बांधायच्या माईक-स्पीकरची चौकशी सुरू होते. मोठा पट असलेल्या वर्गासाठी ही वस्तू जरूर घ्यावी. फक्त ती वापरायची कशी, हे दुकानदार सांगत नाही.

वायरचा माईकच घ्या. बिनवायरीच्या स्वस्त सेटमध्ये शेजारच्या वर्गातही तेच मॉडेल असेल, तर तिकडचा भूगोल तुमच्या स्पीकरमधून ऐकू येतो. ब्लूटूथवाल्यात आवाज किंचित उशिरा येतो, बोलणाराच अडखळतो. वायर बहुतेक वेळा पिनेपाशी तुटते, म्हणून तिथे थोडा ढिला वेढा ठेवून ती पट्ट्यात अडकवावी. साडीवर बांधताना वायर पदराच्या आतून घ्यावी. पदर किंवा ओढणी माईकला घासली की सगळा वर्ग खरखर ऐकतो.

माईक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला हवा. समोर धरला की प, फ, भ म्हणताना फटफट आवाज येतो. दुकानात 'हॅलो हॅलो' करून काहीच कळत नाही. 'फळ्यापाशी भिंतीला पाठ लावून उभा राहा' हे वाक्य बोलून बघा. साताऱ्यात राजपथावर घ्या की सांगलीत, एवढी चाचणी काउंटरवरच करावी.

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरल्यामुळे. स्पीकर पोटावर न ठेवता कमरेच्या बाजूला सरकवा आणि आवाज निम्म्याच्या आत ठेवा. फळ्याकडे वळून बोललं की भिंतीवरून आवाज परततो आणि शिट्टी हमखास येते. आधी लिहून घ्यावं, मग मुलांकडे वळून बोलावं. माईक नसतानाही पद्धत हीच बरी, कारण पाठ फिरवली की मागच्या बाकावर शब्दांचे शेवट पोचत नाहीत.

पत्र्याचं छप्पर आणि उघड्याबोडक्या भिंती असतील तर आवाज वाढवून उपयोग नाही, आवाजाबरोबर घुमणंही वाढतं. तिथे आवाज कमी करून वाक्यं छोटी करावीत आणि दोन वाक्यांत श्वासभर थांबावं. पाटण, जावळीकडे पावसाचा मारा पत्र्यावर सुरू झाला की शिक्षकाचं मुलांना एक वेळ ऐकू जाईल, पण मुलांचं उत्तर शिक्षकापर्यंत येत नाही. अशा वेळी उत्तरं पाटीवर लिहून वर धरायला सांगावीत.

या यंत्राचा मोठा धोका वेगळाच आहे. बोलायला कष्ट पडेनासे झाले की माणूस थांबतच नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात नोंदवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. म्हणून प्रश्न विचारला की माईकचं बटण बंद करावं, मनात तीन अंक मोजावेत आणि मगच नाव घ्यावं. बंद करायचं बटण स्पीकरवर चटकन हाताला लागेल असं मॉडेल निवडा. ही सोय नसेल तर बाकी गुण असूनही ते घेऊ नये.

सूचना देतानाही एका जागी उभं राहून एका वेळी एकच सांगावी, मग एखाद्या मुलाकडून ती वदवून घ्यावी. 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात, त्यातून काही कळत नाही.

द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर हा स्पीकर नकोच. एका गटाला शिकवताना दुसऱ्याचं वाचन मोडतं. तिथे त्या गटाजवळ जाऊन हळू बोलणं चांगलं.

बॅटरी रात्री चार्ज करावी; चार्जिंगला लावून बोललं तर काही सेटमध्ये गुणगुण येते. माईकवरचा फोम खडूच्या भुकटीने भरतो, तो आठवड्याला काढून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावा. घेताना बिल घ्या. सुटा माईक आणि फोम त्याच दुकानात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण स्पीकरच्या आधी माईकच जातो.