पाण्यावर दाखवलेला वेग आणि कागदावरची बचत

आमच्या लहान कारखान्यात द्रवरूप साबणाच्या 500 मिलीच्या बाटल्या हाताने भरल्या जात होत्या. ते काम यंत्रावर नेताना माझी फसवणूक झाली आणि तशीच वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

चार माणसे मिळून मिनिटाला 8 बाटल्या भरतात, यंत्र एका माणसाच्या हाताखाली 20 भरेल, म्हणजे तिघांची मजुरी वाचेल, असा हिशोब विक्रेत्याने मांडून दिला. प्रात्यक्षिकात यंत्राने खरोखरच 20 बाटल्या भरल्या, पण त्या पाण्याच्या होत्या. आमचा साबण वापरून दाखवा, असे मी म्हटले, तेव्हा ‘द्रव कोणताही असो, पिस्टन तेवढेच माप ढकलतो,’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. हे उत्तर अर्धेच खरे होते. पिस्टन म्हणजे दट्ट्या द्रव आधी सिलिंडरमध्ये, म्हणजे नळकांड्यात, ओढतो आणि मग बाटलीत ढकलतो. दाट द्रव त्यात सावकाश ओढला जातो, घाई केली तर त्याच्याबरोबर हवाही शिरते आणि माप चुकते. शिवाय साबण वरून जोरात पडला की फेस बाटलीच्या तोंडाबाहेर येतो.

यंत्राच्या किमतीतील उरलेली सर्व रक्कम यंत्र पाठवण्यापूर्वीच घेतली गेली होती. आमच्या साबणावर वेग मिनिटाला 7 बाटल्यांवर आला. माप कमी भरू नये म्हणून आम्ही 510 मिलीवर यंत्र लावले, म्हणजे दर 50 बाटल्यांमागे एका बाटलीचा माल फुकट जाऊ लागला. ही गळती त्या हिशोबात कुठेच नव्हती. झाकणे हातानेच लावायची असल्यामुळे 20 बाटल्या भरल्या असत्या, तरी त्या पुढच्या टेबलावर साचून राहिल्या असत्या, हेही मला तेव्हा सुचले नाही, याचे वाईट वाटते.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने करारातील ‘मिनिटाला 20 बाटल्यांपर्यंत’ या शब्दांवर बोट ठेवले आणि दोष तुमच्या मालाचा आहे, असे कळवले. त्या ‘पर्यंत’ने माझे हात बांधले गेले. यंत्र घेणाऱ्याने स्वतःचा माल आणि स्वतःच्या बाटल्या घेऊन जावे, यंत्र निदान तासभर सलग चालवून प्रत्येक बाटलीचे वजन करावे, करारात मालाचे नाव, किमान वेग आणि मापातील मान्य फरक लिहून घ्यावा आणि मोठी रक्कम आपल्या जागेवरील चाचणीनंतरच द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढे दुसऱ्या एका कारागिराने बाटलीच्या तळापर्यंत उतरून द्रवाच्या पातळीबरोबर वर येणारे नोझल, म्हणजे भरण्याची तोटी, बसवून दिले. त्यामुळे फेस कमी झाला आणि वेग मिनिटाला 11 बाटल्यांवर आला. भरणाऱ्या चौघांपैकी एक जण आता यंत्रावर आहे आणि दोघे झाकणे लावतात, म्हणजे मजुरी वाचली ती एकाचीच. पहिल्या विक्रेत्याकडून आजवर काहीही परत मिळालेले नाही.