जेम्स डग्लस की थॉमस रँडॉल्फ, आधी कोणाबद्दल वाचायचं?

दोघंही चौदाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या राजाचे, रॉबर्ट ब्रूसचे सरदार, दोघंही इंग्रजांविरुद्धच्या बॅनकबर्नच्या लढाईत लढलेले, त्यामुळे स्कॉटलंडचा इतिहास नव्याने वाचणाऱ्याचा गोंधळ होतोच. माझं मत विचाराल तर थरार हवा असेल तर डग्लस घ्या, पण घराणं समजून घ्यायचं असेल तर रँडॉल्फ, आणि मला स्वतःला रँडॉल्फच जास्त आवडतो.

डग्लसचा बाप लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मेला, जहागीर इंग्रज सरदार क्लिफर्डकडे गेली, पोरगा काही काळ पॅरिसला राहिला आणि १३०६ ला परत येऊन ब्रूसला मिळाला तो शेवटपर्यंत, म्हणजे अगदी राजा गेल्यावर त्याचं हृदय बरोबर घेऊन निघाला आणि १३३० ला स्पेनमध्ये तेबाजवळ लढताना पडला. रँडॉल्फचं तसं सरळ नाही. तो ब्रूसचा भाचा, पण मेथवेनच्या लढाईत पकडला गेल्यावर इंग्रजांच्या बाजूने गेला, आणि त्याला पकडून परत आणला तो डग्लसनेच! पुढे १३१४ ला त्याने जेमतेम ३० माणसं घेऊन रात्री एडिनबरोचा कडा चढून किल्ला घेतला, राजा गेल्यावर राज्यही त्यानेच सांभाळलं.

आता घरचं. डग्लसचा मुलगा विल्यम १३३३ ला हॅलिडन हिलच्या लढाईत गेला, डग्लसचा सावत्र भाऊही त्याच लढाईत गेला, मग वारसा भावाकडे, पुतण्याकडे असा फिरत फिरत १३८८ ला डग्लसच्याच अनौरस मुलाकडे, आर्चिबाल्डकडे आला. हे वाचताना कागद-पेन जवळ ठेवा, सगळे विल्यम आणि आर्चिबाल्डच आहेत.

रँडॉल्फ जुलै १३३२ ला वारला, तीन आठवड्यांत थोरला मुलगा डपलिन मूरच्या लढाईत पडला, धाकटा जॉन १३४६ ला नेव्हिल्स क्रॉसच्या. पण मुलगी अ‍ॅग्नेस! १३३८ ला नवरा घरी नसताना तिने डनबारचा किल्ला पाच महिने लढवला. इंग्रजांचे दगड तटावर आदळले की तिच्या दासी नटूनथटून वर यायच्या आणि फडक्याने तटाची धूळ पुसायच्या, असं सांगतात. कैदेतल्या भावाला, जॉनला, तटासमोर आणून फाशीची धमकी दिली तेव्हा म्हणे ती म्हणाली, द्या खुशाल, जहागीर मलाच मिळेल. फाशी काही दिली नाही, आणि जूनमध्ये इंग्रजांनी वेढा उठवला.