गोळी, सलाईन की सहामाही इंजेक्शन? आधी दात दाखवा

ठिसूळ हाडांसाठी साधारण तीनपैकी एक औषध सुचवलं जातं: ॲलेंड्रोनेटची ७० मिग्रॅची आठवड्याची गोळी, झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिग्रॅ वर्षातून एकदा शिरेतून, किंवा डेनोसुमॅब ६० मिग्रॅ दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. जबड्याचं हाड उघडं पडून आठ आठवड्यांतही न भरणं, हा धोका तिन्हींत आहे. या मात्रेत तो दुर्मीळ. कॅन्सरमध्ये झोलेड्रोनिक ४ किंवा डेनोसुमॅब १२० मिग्रॅ दर तीन-चार आठवड्यांनी देतात, तिथे तो कितीतरी पट वाढतो.

निमित्त बहुधा काढलेला दात किंवा टोचणारी कवळी. मधुमेह, स्टेरॉइड आणि तंबाखू त्यात भर घालतात. मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे डेंटिस्टला सांगायला लाजू नका. हलणारे, किडलेले दात औषधाआधीच काढून हिरडी भरू द्या.

गोळी स्वस्त आणि घरच्या घरी. पण पहाटे उपाशीपोटी, पेज-चहाच्या अर्धा तास आधी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. शहाळ्याचं पाणीसुद्धा नको. नंतर अर्धा तास चुलीपाशी बसा, अंगण झाडा, फक्त आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. जळजळीचा जुना त्रास असेल तर गोळी सोडाच.

सलाईन निदान पंधरा मिनिटं चालते. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) ३५ मिली/मिनिटच्या खाली असेल तर ती बाद.

इंजेक्शन किडनी थकलेल्यांनाही देता येतं, मात्र कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं. रक्त तपासल्याशिवाय नको. खरी मेख तारखेची. ते लांबलं तर हाडाची झीज उसळून परतते, मणके एकामागून एक दबतात. पावसात घाट बंद, वीज गायब, असं धरूनच महिना ठरवा. औषध २ ते ८ अंशांत हवं. रत्नागिरीहून गावी नेताना मासळीसारखं थेट बर्फात खुपसू नका, गोठलं की फेकावं लागतं. दात काढायचाच झाला तर मागच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढावा, म्हणजे पुढच्या डोसआधी जखम भरायला सहा-आठ आठवडे मिळतात.

आडगावात राहणाऱ्या, किडनी ठीक असलेल्या आजीसाठी आमचा कौल सलाईनला. दातदुखीच्या भीतीने डेनोसुमॅब परस्पर बंद करणं मात्र सगळ्यांत वाईट. थांबवायचंच तर पाठोपाठ दुसरं औषध ठरलेलं हवं.