पाटणचा वारा आणि आमचं वाढलेलं बिल

मे महिन्यात एक जण दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, पाटणकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या बघितल्यात ना? तोच वारा तुमच्या गच्चीवर येतो." कराडच्या माणसाला हे पटायला कितीसा वेळ लागतो! तीन किलोवॉट सोलर, जोडीला एक किलोवॉटची छोटी पवनचक्की. दिवसा ऊन, रात्री वारा. "78 हजार सबसिडी येतेच, अर्जाचं आमच्याकडे लागलं." मुलगा थांबा म्हणत होता. मी दोन लाख साठ हजार मोजले.

पुढचं बिल 1,850 वरून 2,600 झालं! ओळखीचा वायरमन गच्चीवर गेला आणि कपाळाला हात लावून खाली आला. बाहेर दिलेली वीज वेगळी मोजून बिलातून वजा करणारा नेट मीटर बसवलाच नव्हता, इन्व्हर्टरची वायर सरळ घरच्या बोर्डात घातलेली. दुपारी उरलेली वीज बाहेर जायची आणि आमचा जुना मीटर तीही आम्हीच वापरली म्हणून मोजायचा. वीज आमची, बिलही आम्हालाच.

पवनचक्कीच्या प्लेटवर बारीक अक्षरात लिहिलंय, 12 मीटर प्रति सेकंद. म्हणजे ताशी 43 किलोमीटरचा वारा असेल तेव्हा एक किलोवॉट. वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. पठार कुठे आणि शेजारच्या तीन मजली इमारतीच्या आडोशाला असलेली आमची गच्ची कुठे! घरघर मात्र रात्रभर, नेमकी आईच्या खोलीवर.

मग मुलाने पीएम सूर्यघरचं, म्हणजे गच्चीवरच्या सोलरला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं पोर्टल उघडलं. माझ्या ग्राहक क्रमांकावर अर्जच नाही. पैसे देण्याआधी हे दोन मिनिटांत कळलं असतं. तिथेच नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे, त्यातही हा नव्हता. सबसिडी नेट मीटर लागून सगळं तपासून झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येते, तीही भारतात बनलेल्या सेलचे पॅनल असतील तरच. आमच्या पॅनलमागची माहितीची पट्टीच खरवडलेली. आणि पवनचक्कीला या योजनेत छदामही नाही.

पोलिसांनी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे कोटेशनवर मारलेला शिक्का, जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. त्याचा फोन बंद.

नेट मीटरसाठी आता मीच अर्ज केलाय. तोवर भर उन्हात पॅनलचा स्विच पाडून बसलोय.