रानपिंगळ्याची पाहणी: आवाज वाजवून की गुपचूप बसून?

रानपिंगळा, म्हणजे एक छोटं रानातलं घुबड, १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात, तानसातही सापडला. इतक्या विखुरलेल्या पक्ष्याची मोजणी करायची कशी?

ठरावीक ठिकाणी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला की हद्द राखणारा पक्षी बहुधा उत्तर देतो. थोड्या माणसांत मोठा प्रदेश पालथा घालता येतो. पण ठिकाणं जवळजवळ असतील तर तोच पक्षी आवाजामागे येऊन दोनदा मोजला जातो. उत्तर आलं नाही म्हणजे पक्षी नाही, असंही मुळीच नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा जावंच लागतं. विणीच्या काळात हा प्रकार टाळावाच. पिल्लांना भक्ष्य आणायचं सोडून नर भांडायला धावतो, हे मला तरी योग्य वाटत नाही.

गुपचूप बसण्यात वेळ फार जातो. मात्र हा पक्षी दिवसाही वावरतो, त्यामुळे ढोली, भक्ष्य, सवयी सगळं कळतं. ओळखही पक्की होते: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं.

विभागभर पाहणी असेल तर मी आवाजाची पद्धतच घेईन, तीही विणीआधी. ढोली सापडली की तिथे फक्त दुर्बीण.