ल्युसिड ड्रीम: धडधड दाराबाहेर परवडेल की आत गेल्यावर?

स्वप्न चालू असताना 'अरे, हे तर स्वप्न आहे' हे कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. तिथवर पोचायचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला वाइल्ड (WILD, इंग्रजी नावाचं लघुरूप): भान अजिबात न सोडता जागेपणातून सरळ स्वप्नात उतरायचं. दुसरा माइल्ड (MILD, हेही लघुरूपच): झोपायचं नेहमीसारखंच, पण झोपताना मनाशी पक्कं करायचं की पुढचं स्वप्न पडलं की ते ओळखायचं. कुठला लवकर जमतो, यावरच बहुतेकांची निवड ठरते. मला विचाराल तर आधी स्वतःचा स्वभाव बघा. तुमच्या छातीत धडधडतं ते भीतीने की आनंदाने? शांत दोन्हीकडे राहावं लागतं, पण वाइल्डमध्ये परीक्षा स्वप्नाच्या दाराबाहेर होते आणि माइल्डमध्ये आत पाऊल टाकल्यावर.

वेळ मात्र दोन्हींची एकच. झोप साधारण 90 मिनिटांच्या चक्रांनी चालते आणि ठसठशीत स्वप्नं पडतात ती रेम झोप पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून गजराने उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि परत आडवं व्हायचं. रात्री पहिल्यांदा पाठ टेकली की लगेच वाइल्ड करत बसणं म्हणजे झोपेचं खोबरं, बाकी काही नाही.

वाइल्डमध्ये शरीर झोपी जातं आणि तुम्ही ते बघत असता. मिटल्या डोळ्यांपुढे आधी ठिपके, रेघा, मग अर्धवट चेहरे. कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं. अंग जड होतं, कानात घुंघुं सुरू होते. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल पाडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून पडेल. ही सोय जागेपणी जाणवली की तिला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. छातीवर दडपण आणि खोलीत कुणी उभं असल्याचा भास, हेही त्यातलंच. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते ओसरतं. दर वेळी ते येतंच असंही नाही. पण ही माहिती दिवसा वाचणं वेगळं, आणि पहाटे अंधारात बोट हलत नसताना ती आठवणं वेगळं.

शांत होण्याचा नेहमीचा उपाय इथे नेमका उलटतो. 'दीर्घ श्वास घ्या' असं सगळीकडे सांगतात. त्या अवस्थेत श्वास आपोआप चालूच असतो. पण मुद्दाम खोल घ्यायला गेलात तर स्नायू साथ देत नाहीत, गुदमरल्यासारखं वाटतं आणि घबराट दुप्पट होते. मी हे दोनदा करून पाहिलंय, तिसऱ्यांदा हिंमत नाही. श्वास त्याच्या मर्जीवर सोडावा आणि मनात मोजत राहावं: 'एक, मी स्वप्न बघतोय; दोन, मी स्वप्न बघतोय.' मोजणीची ही युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठात ल्युसिड ड्रीमवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांची. त्यातली गंमत अशी की मनाला हातात धरायला काहीतरी मिळतं, पण ते इतकं कंटाळवाणं असतं की झोप मोडत नाही. आणि 'अजिबात हलायचं नाही' हा नियम फार मनावर घेऊ नका. खाज सुटली तर खाजवा. दात-ओठ खाऊन सहन केलेली खाजच जास्त जागं ठेवते.

माइल्डही लाबर्ज यांचीच. यात दाराबाहेर काही घडत नाही. भासाला घाबरायचा प्रश्नच बहुधा येत नाही. इथे नडते ती उत्सुकता. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड विद्यापीठाच्या 2017च्या अभ्यासात रिअॅलिटी चेक (दिवसा अधूनमधून 'मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?' हे तपासणं), मध्येच उठणं आणि माइल्ड असं तिन्ही करणाऱ्यांना साधारण 17 टक्के प्रयत्नांत यश आलं. माइल्ड संपवून पाच मिनिटांच्या आत झोप लागली, तेव्हा मात्र ते प्रमाण 46 टक्के होतं. याचा अर्थ शांत मनच जिंकलं असा लगेच काढू नये. ते लोक कदाचित नुसते जास्त पेंगुळलेले असतील. तरी 'आज जमायलाच हवं' म्हणत कूस बदलत राहण्याचा फायदा नाही, एवढं त्यातून घेता येतं.

खरी कसोटी मात्र आतली. मी एकदा स्वप्नात जिना उतरत होतो. कठड्यावर ठेवलेल्या हाताकडे लक्ष गेलं तर बोटं सहा. कळलं! इतका हर्ष झाला की मोठ्याने हसलो, आणि त्या हसण्यातच जिना धुरकट होऊन समोर खोलीचं छत आलं. चार सेकंद झाले असतील नसतील. पुढच्या वेळी काही भव्य करायच्या भानगडीत पडलो नाही. तळवे एकमेकांवर चोळले, त्यांची ऊब जाणवेपर्यंत, आणि मग पायाखालच्या फरशीची नक्षी बघत उभा राहिलो. स्वप्न टिकलं. उडायचं सुचलं तेव्हा मात्र पुन्हा जाग आली.

तर निवड. नव्याने सुरुवात करताय, किंवा अंधारात पटकन दचकता, तर माइल्ड घ्या. आनंद आवरायला शिकणं भीती आवरण्यापेक्षा सोपं जातं, निदान मला तरी. ध्यानाला बसायची सवय आहे, विचित्र संवेदना आल्या तरी 'येऊ देत' म्हणता येतं, त्यांनी वाइल्ड खुशाल करून बघावं. ज्यांना आधीच निद्रानाश आहे, स्लीप पॅरालिसिसने पॅनिक अटॅक येतात किंवा भास-भ्रमाच्या आजाराचा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल त्या रात्री गजर लावूच नका.

कुठल्याही रस्त्याने गेलात आणि उत्साहाच्या भरात जाग आली, तर डोळे उघडू नका, कूसही बदलू नका. तसंच पडून राहून मघाचीच जागा आठवा, माझ्या बाबतीत तो कठडा. कधी कधी अर्ध्या मिनिटात त्याचा गारवा पुन्हा हाताला लागतो.