वंशावळ की उंदराची पेशी?

नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, घरं बरीच. धडगावकडच्या एका विद्यार्थिनीने वहीत स्वतःच्या घराची वंशावळ काढून आणली होती: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक (बिघडलेला जनुक आहे, पण आजार नाही) असेल तर अर्धं रंगवलेलं, आजारी असेल तर पूर्ण. मामाचा चौकोन पूर्ण काळा. "सर, पण हा जनुक नेमक्या कोणत्या गुणसूत्रावर बसलाय?"

वंशावळ इथे अडते. रंगांधळेपणा मुख्यतः मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो, म्हणून १९११ सालीच तो एक्स गुणसूत्रावर ठरला. बाकीच्या २२ जोड्यांबाबत असा सुगावाच नाही. डफी नावाच्या रक्तगटाचा जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, हे कळायला १९६८ उजाडलं.

१९६७ मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र करून दाखवली. अशी संकरित पेशी विभागत जाते तशी माणसाची गुणसूत्रं गळत जातात, उंदराची बहुतेक टिकतात. अशा एकेका पेशीपासून वाढवलेल्या प्रत्येक वाणात माणसाची वेगळीच चार-दोन उरतात. मग फक्त ताडून बघायचं: जनुक असलेल्या सगळ्या वाणांत कोणतं गुणसूत्र आहे, नसलेल्यांत कोणतं नाही? या पेशी हिमोग्लोबिन बनवत नाहीत, म्हणून थेट डीएनए तपासला, आणि १९७८ साली बीटा ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाचा जनुक, अकराव्यावर सापडला. सिकलसेलचा बिघाड त्याच जनुकात.

जनुकाचा पत्ता शोधायला मी उंदराचीच पेशी निवडेन. पण त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीची तपासणी करायला हवी, हे त्या वहीतल्या पानानेच सांगितलं.